दुसरी रेघ

आमच्या काचेच्या दुकानात सगळे माझ्या नवऱ्याला 'दोनदा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, माघारी म्हणतात, आणि मालकीणबाई फारच खुशीत असल्या तर 'दोनदासाहेब' म्हणतात. मी त्याच दुकानात मागच्या बाजूला काचा धुते, पुसते आणि कागदात गुंडाळते, त्यामुळे हे मला रोज ऐकावं लागतं. सुरुवातीला राग यायचा. पण नाव चुकीचं आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? हा माणूस कुलूप लावून दोनदा ओढून बघतो, नळ बंद करून पुन्हा पिळतो, बसचं तिकीट खिशात ठेवलं की पुढच्या थांब्याला काढून बघतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांनी मला विचारलं होतं, "मी आवडतो ना तुला?" मी हो म्हटलं. जरा वेळाने पुन्हा विचारलं. तेव्हा मला ते प्रेम वाटलं.

त्यानंतर प्रश्न थांबलेच नाहीत. गॅस बंद केला ना? शेजाऱ्यांना मी लागेलसं काही बोललो नाही ना? शर्ट उलटा नाही ना घातला? आणि मी भाजी चिरता चिरता, केस विंचरता विंचरता, झोपेतसुद्धा म्हणत आले, हो, केला; नाही बोललात; नाही घातला. आमची लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, त्याआधी एकदा म्हणाली, "आई, तू म्हणजे बाबांचा शिक्का आहेस. त्यांनी कागद पुढे केला की तू उमटतेस." हसू आलं खरं, पण त्या दिवशी माझी पाठ इतकी दुखत होती की हसायचाही कंटाळा आला.

काच कापतात असं आपण म्हणतो. खरं तर काच कुणी कापत नाही. कटर म्हणजे मुठीला बसवलेलं एक बारीक चाक. ते रॉकेलात बुडवायचं, पट्टीच्या कडेने काचेवर एक रेघ ओढायची, आणि मग टेबलाच्या काठावर दाब देऊन त्या रेघेवर काच मोडायची. सगळं कौशल्य रेघेत असतं, आणि रेघ एकदाच ओढायची असते. मापं हवी तेवढ्या वेळा घ्या, कुणी काही म्हणणार नाही. पण रेघ नीट उमटली नाही असं वाटून तिच्यावरून पुन्हा चाक फिरवलं, की काच मनाला येईल तिकडे फुटते आणि चाकही बोथट होतं. जगात कामं काय थोडी आहेत? पण या माणसाने नेमकं हेच शिकायला यावं.

तरुणपणी हे कापायलाच आले होते. मालकीणबाईंचे वडील तेव्हा दुकान बघायचे. एका मोठ्या आरशावर यांनी रेघ ओढली, चांगली ओढली म्हणतात, आणि मग उगाच शंका आली म्हणून तिच्यावरून दुसरी ओढली. आरसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकत गेला. म्हाताऱ्या मालकांनी यांना कडा घासायच्या यंत्रावर बसवलं आणि म्हणाले, "इथे हवं तितक्या वेळा घास." बोलले ते चिडून, पण यांना ती जागा मानवली. पाण्याची धार, फिरणारा पट्टा, काचेची कड पुन्हा पुन्हा धरायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा धरायची. त्या यंत्रावर दोनदा करणं हा गुण होता. हे तिथे म्हातारे होईपर्यंत बसले असते.

पण हात बसू देईनात. दिवसभर पाण्यात आणि काचेच्या पिठात राहून बोटांची कातडी फाटायला लागली. आधी भेगा पडल्या, मग भेगांतून रक्त यायला लागलं. घरी जेवताना तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हे मला विचारायचे, "फार वाईट दिसत नाहीत ना?" डॉक्टरांनी मलमं दिली, हातमोजे दिले, आणि शेवटी सरळ सांगितलं की ओलं काम सोडा, नाहीतर ही बोटं कुठल्याच कामाची उरणार नाहीत.

त्याच सुमारास कापायच्या टेबलावरचे मिस्त्रीकाका काम सोडून मुलाकडे राहायला जाणार होते. त्यांची नजर अधू झाली होती. मालकीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. बाई वाईट नाहीत, पण बोलायला लागल्या की फिरवून बोलत नाहीत. म्हणाल्या, "मिस्त्री आहेत तोवर तुम्ही टेबलावर शिका. ते जाताना तुमची एक मोठी काच मी स्वतः उभी राहून बघणार. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणीन, आणि मग माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही." यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. दाराबाहेर पडल्यावर विचारलं, "जमेल ना मला?" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? एकट्या धुण्यापुसण्यावर आमचं घर चालणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. या वयात यांना नवं काम कोण देणार होतं?

मिस्त्रीकाकांची एक पद्धत होती. टेबलाखाली तुटक्या काचांची एक लाकडी पेटी असते. संध्याकाळी झाडू मारायच्या आधी, त्या दिवशी आपल्या हातून फुटलेला एकेक तुकडा बाजूला काढायचा, उजेडात धरायचा आणि त्याची कड बघायची. कडेवर सगळं उमटलेलं असतं. हात कुठे थांबला, कुठे जास्त दाबला, कुठे घाबरून उचलला. बघायचं आणि एका वाक्यात सांगायचं. एकच वाक्य. मग तुकडा पेटीत टाकायचा. एकदा टाकला की पेटीत पुन्हा हात घालायचा नाही. काका स्वतः आयुष्यभर हे करत आले होते. मी काचा धुण्याच्या टबाजवळ बसून कितीदा ऐकलं असेल: "सकाळी घाई केली." "पट्टी सरकली, बोट ढिलं होतं." आणि खळ्ळकन आवाज. म्हातारा घरी शिट्टी वाजवत जायचा.

आमच्या यांना ती पद्धत शिकवली, आणि तिथेच घोडं अडलं. पहिल्या संध्याकाळी यांनी तुकडा हातात घेतला आणि सुरू झाले. इथे हात थरथरला, कारण मागे कुणीतरी बोललं, पण बोललं म्हणून काय झालं, माझंच लक्ष नव्हतं, मी तसाच आहे, आरशाच्या वेळीही असंच झालं होतं... काका ऐकत उभे. म्हणाले, "एक वाक्य." हे म्हणाले, "हो, हो, पण एक वाक्य म्हणजे, सगळं सांगायला नको का?" काकांनी त्यांच्या हातातून तुकडा घेतला आणि पेटीत टाकला.

आणखी एक गोष्ट होती. काका चांगल्या निघालेल्या काचेचीही कड बघायला लावायचे आणि तिच्याबद्दलही एक वाक्य सांगायला लावायचे. हे यांना फारच जड गेलं. चुकांवर हा माणूस पुराण सांगेल, पण "ही रेघ सरळ गेली" एवढं म्हणायचं तर जीभ रेटेना. एकदा कसंबसं म्हणाले, आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणाची चीजवस्तू उचलताना पकडल्यासारखं. मला तेव्हा त्यांची फार दया आली. आणि रागही आला, कारण ती दया करता करता माझं अर्धं आयुष्य गेलं आहे.

दिवस जात होते आणि काच फुटत होती. पालथ्या घड्यावर पाणी. दहापैकी चार काचा बऱ्या निघायच्या, आणि उरलेल्यांवर दुसरी रेघ. हे रेघ ओढायचे, वाकून बघायचे, आणि मग हात आपसूक पुन्हा त्या टोकाला जायचा. काका ओरडेपर्यंत चाक फिरलेलं असायचं. घरी आल्यावर हे शांत शांत. मला वाटलं, चला, विचार तरी करत आहेत.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी घरातल्या कपाटावरची जुनी ट्रंक पुसायला काढली. मागे हात घातला आणि बोट कापलं. बघते तर वर्तमानपत्राच्या पुड्या. एकेक उघडली. प्रत्येकीत काचेचा तुकडा. हे पेटीत तुकडे टाकतच नव्हते. काकांची पाठ फिरली की खिशात घालून घरी आणत होते, पुन्हा बघायला. मी झोपले की कपाटाजवळ उभे राहत असतील. म्हणजे तेवढं शिकून यांनी काय केलं, तर चुकासुद्धा दोनदा बघायच्या. लोक कपाटात कपबश्या मांडतात, आमच्याकडे चुकांचं प्रदर्शन मांडलं होतं.

मी बोटाला चिंधी बांधली आणि यांच्यापुढे सगळ्या पुड्या ठेवल्या. म्हटलं, "हे काय आहे?"

"म्हटलं, नीट कळेल," हे म्हणाले. "परत परत बघितलं की."

"कळलं का?"

यांनी पुड्यांकडे बघितलं. मग माझ्या बोटाकडे. "फार नाही ना लागलं?"

मी उत्तर न देता बाहेर जाऊन पायरीवर बसले. इतकी दमले होते की रडायलाही बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मिस्त्रीकाकांना सगळं सांगितलं. ते डबा खात होते. घास संपवला आणि म्हणाले, "मी त्याला साक्षीदार हो म्हटलं. हा न्यायाधीश होऊन बसला, आणि आरोपीही तोच. कसं सुटायचं?" मग विचारलं, "घरी तुला सारखं विचारतो का? हे झालं का, ते झालं का?"

"सारखं."

"आणि तू?"

"मी सांगते. हो म्हणते."

"बंद कर."

"अहो काका, न सांगून कसं चालेल? रात्रभर झोपायचे नाहीत."

"नाही झोपला तर नाही झोपला. तू त्याच्या वतीने बघतेस, त्याच्या वतीने लक्षात ठेवतेस. त्याचे डोळे कशाला काम करतील? विचारलं की एवढंच म्हण, तुम्ही काय बघितलंत? बस."

सांगायला सोपं होतं. त्याच संध्याकाळी बसथांब्यावर यांनी विचारलं, "दुकानातला पंखा मी बंद केला ना?" केला होता. मी स्वतः बघितला होता. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही काय बघितलंत?"

"मला आठवत नाही."

"आठवा."

हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना भर रस्त्यात एकटं सोडून जाते आहे. बस आली. हे चढले नाहीत. दुकानापर्यंत परत चालत गेले आणि घामाघूम होऊन आले. पंखा बंदच होता. रात्री माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. आधी मी उत्तरं देऊन दमत होते, आता न देऊन दमायला लागले. एकदा तर चिडून म्हणाले, "एक हो म्हणायला तुझं काय जातं?" मी म्हटलं, "आजवर काय काय गेलं, ते सांगत बसले तर स्वयंपाक राहील." नंतर मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

हळूहळू मात्र एक गोष्ट दिसायला लागली. हे कुलूप लावताना कुलपाकडे बघायला लागले. आधी कधी बघतच नव्हते. हात कुलपावर आणि मन आधीच पुढच्या काळजीत, मग आठवणार काय? आता लावायचे, थांबायचे, तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "लावलं." आणि निघायचे. चार पावलांवर मान मागे वळायची, कधी कधी पायही वळायचे. पण कधी कधी नाही वळायचे. टेबलावरही तसंच. रेघ ओढून झाली की कटर लगेच रॉकेलच्या डबीत उभं करायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. म्हणजे हातात काही उरतच नाही, दुसरी ओढायची तर पुन्हा उचलावं लागणार, आणि उचलेपर्यंत भान येतं. संध्याकाळी पेटीपाशी यांची वाक्यं आखूड व्हायला लागली. पुड्या घरी येणं थांबलं होतं की नाही, हे मी तपासलं नाही. मला तपासायचा कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा मला बरा वाटत होता.

मग मालकीणबाईंनी सांगितलेला दिवस आला. एका दवाखान्याच्या दाराची काच होती, माणसापेक्षा उंच, जाड. मिस्त्रीकाका म्हणाले, मी चहाला जातो, आणि खरंच निघून गेले. मालकीणबाई टेबलाच्या टोकाशी हाताची घडी घालून उभ्या. मी टबातल्या काचा तशाच सोडून दारात आले. माझ्या हातातून पाणी गळत होतं. हे नापास झाले तर उद्यापासून मी एकटी बसने येणार आणि हे घरी भिंतीकडे तोंड करून बसणार, एवढं एकच चित्र मला दिसत होतं.

यांनी माप घेतलं. पुन्हा घेतलं. तेवढं चालतं. पट्टी बसवली, कटर बुडवलं, आणि रेघ ओढली. कापड फाटतं तसा एकसारखा आवाज आला. अगदी टोकाशी आवाज बारीक झाला आणि थांबला. कटर डबीत गेलं. हे वाकून रेघेकडे बघत राहिले. बघत राहिले. त्यांची उजवी बोटं टेबलाच्या काठावर दोनदा हलली. मी तोंडात पदर कोंबला. हे सरळ उभे राहिले, काच काठावर सरकवली आणि दाब दिला.

तडा रेघेवरून सुरेख चालत गेला, आणि शेवटच्या बोटभर अंतरावर वाकडा होऊन कोपरा घेऊन गेला.

मालकीणबाईंनी श्वास सोडला तेवढा ऐकू आला. मला वाटलं, झालं, संपलं. आता हे माझ्याकडे बघणार, आणि या वेळी मी काय म्हणू?

हे माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी कोपऱ्याचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "शेवटी हात लवकर उचलला." एवढंच. आवाजात माफी नव्हती की भांडण नव्हतं. तुकडा पेटीत टाकला. मग भिंतीला टेकवलेल्या काचांपाशी गेले, तेवढीच दुसरी काढली आणि म्हणाले, "बाई, जरा त्या बाजूला धरता का?"

मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली. त्यांनी काच धरली. मला वाटतं, कुणी आपल्याला असं काम सांगेल याची त्यांना कल्पना नव्हती. यांनी पुन्हा माप घेतलं, पट्टी बसवली, रेघ ओढली. या वेळी आवाज काठाच्या बाहेर पडेपर्यंत तसाच राहिला. दाब दिला. काच दोन भागांत सुटली.

मालकीणबाईंनी कडेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "दुपारनंतर दुकानाच्या पुढच्या खिडक्यांचं काम आहे. जमेल ना?"

"बघतो," हे म्हणाले. ना हो, ना नाही. बाई हसल्या आणि आत गेल्या. टेबल यांचं झालं होतं. काका चहा पिऊन आले, कड बघितली, पेटीतला वाया गेलेला कोपरा बघितला आणि मान हलवून आपले कामाचे कपडे घडी करून पिशवीत भरायला लागले.

मी पुन्हा टबाशी जाऊन बसले. जरा वेळाने हे मागे आले, हातात दोन चहाचे पेले घेऊन. एक माझ्यापुढे ठेवला आणि बाजूच्या लाकडी खोक्यावर बसले. मी वाट बघत होते. आता येणार, नीट झालं ना, बाईंना राग नाही ना आला, पहिली फुटली त्याचं काही नाही ना. सवय अशी जात नाही, यांची नाही आणि माझीही नाही. उत्तर न द्यायच्या तयारीत मी पदराने हात पुसले.

यांनी माझ्या हातांकडे बघितलं. माझीही बोटं पांढरी पडून सुरकुतलेली होती, किती वर्षांपासून तशीच आहेत. त्यांनी ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघितली.

"तू दमलीस का गं?" त्यांनी विचारलं.

संसारात या माणसाने मला किती प्रश्न विचारले असतील, त्याची मोजदाद नाही. प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. या एका प्रश्नाशी मात्र मी अडकले. मी पेला उचलला, खाली ठेवला. हे चहा न पिता थांबले होते, आणि पुन्हा विचारत नव्हते.

"हो," मी म्हटलं. "खूप दमले."